नग, घाणा, वाण, छप्पर

आमच्या सरांना लग्नाचं आमंत्रण द्यायचं म्हणजे यजमानाला मन घट्ट करावं लागे. अक्षता पडल्या की सर आहेराचं पाकीट टेकवून थेट आचाऱ्याकडे जायचे आणि कढईपाशी उभे राहायचे. हात पाठीमागे, मान जराशी तिरपी, चेहरा गंभीर. वधूपित्याला वाटायचं, काहीतरी कमी पडलं. तो हात जोडून धावत यायचा आणि सर त्याला हातानेच थांबवायचे, कारण पुरी फुगत असायची.

आमच्या कारखान्यातल्याच एकाच्या लग्नात त्यांनी मला हाक मारली, "इकडे ये पोरी. जेवशील मंग. हे पत्रावळ पाहून राहिली का? माणूस आला का पत्रावळ लागली, नाही आला तं नाही लागली. हा झाला नग. पुरीचं तसं नाही. एका पुरीसाठी कोणी कढई नाही तापवत, घाणाच काढा लागते. घाणा धा पुऱ्यांचा काढा का ईस पुऱ्यांचा, तेल एकदाच तापलं. आता जिलेबी पाय. जिलेबी ठेवली का जिलेबीवाला आलाच, त्याची भट्टी आली, त्याचं जाण्यायेण्याचं आलं. मंग तू एकटी खाय का अख्खी भिलाई खाओ. जिलेबी पंगतीत हाये, याचाच तो खर्च. हे झालं वाण. अन् हा मांडव? तो कोणाच्याच पोटात जात नाही. तो छप्पर."

नग, घाणा, वाण, छप्पर. कॉस्टिंगच्या, म्हणजे मालाचा खर्च काढायच्या विद्येच्या, पुस्तकात या चार पातळ्यांसाठी एक जाडजूड प्रकरण असतं. मी ते पाठ करून परीक्षा पास झाले होते आणि मला त्यातलं ओ की ठो कळलेलं नव्हतं. ते मला पुरीच्या धुरात, रेशमी साडी सांभाळत, उपाशीपोटी कळलं. नंतर मी बरेच हुशार लोक पाहिले. काहींनी तर हुशारीचं दुकानच मांडलेलं होतं. पण ज्याच्या डोक्यात जग असं आपोआप चार ढिगांत पडतं आणि एकही दाणा इकडचा तिकडे होत नाही, असा माणूस मी एकच पाहिला.

सर भिलाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका ढलाई कारखान्यात, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, कॉस्ट अकाउंटंट होते. त्यांचे वडील नागपूरकडचे, रेल्वेतले. दुर्ग लाइनवर बदल्या होत होत बोरसीत घर करून राहिलेले. मी सेक्टर दहाच्या क्वार्टरात वाढले. बाबा स्टील प्लांटमध्ये. मराठी फक्त घरात, उंबऱ्याबाहेर हिंदी. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी सरांना "गुड मॉर्निंग सर, मैं नई ट्रेनी" म्हटलं. त्यांनी माझं आडनाव वाचलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "मंग घरी काय बोलते?" त्यानंतर ते माझ्याशी एक वाक्य हिंदीत बोलले असतील तर शपथ.

त्यांच्या टेबलावर एक मिसळणाचा डबा होता. आपल्या स्वयंपाकघरात असतो तोच, गोल, स्टीलचा, आत वाट्या. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, नवा घेतला तेव्हा जुना सरांनी पळवला. हळदीचा पिवळा डाग एका वाटीला शेवटपर्यंत होता. सर दिवसभर कारखाना फिरायचे. खिशात कागदाचे कपटे. कोणी काही करताना दिसलं की कपट्यावर ते काम लिहायचे आणि परत येऊन योग्य त्या वाटीत टाकायचे. 'साच्यात वाळू ठोकणे', नग. 'भट्टी पेटवणे', घाणा. 'नव्या वस्तूचा पॅटर्न करणे', वाण. 'सेठजींच्या देवघरातला दिवा', छप्पर; सेठजी म्हणजे आमचे मालक. पाचव्या वाटीत त्यांना न समजलेली कामं असायची. बाकीच्यांत सुपारी आणि टाचण्या. एकदा टाचणी त्यांच्या तोंडात गेली होती, पण पद्धत बदलली नाही.

तो डबा टेबलावरून हलवायचा नाही, हा नियम होता. झाडूवाली बाई त्याच्या भोवतीने फडकं फिरवायची. विश्वकर्मा पूजेला सगळे आपापल्या मशीनला कुंकू लावायचे. सर डब्याच्या झाकणावर एक झेंडू ठेवायचे, तोही डबा जागचा न हलवता. सेठजींनी मोठ्या हौसेने कॉम्प्युटर आणला तेव्हा सर म्हणाले, "ठेवा ना, बाजूले ठेवा." कॉम्प्युटर मला मिळाला.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "गेटवरचा चौकीदार कोणत्या खान्यात?" मी पुस्तकातलं उत्तर दिलं, "ओव्हरहेड सर, सगळ्या मालावर वाटून टाकायचा." सर एवढंच म्हणाले, "जा. गेटावर बसून ये."

मी सकाळभर गेटावर बसले. चौकीदाराने मला स्टूल दिलं आणि स्वतः उभा राहिला, त्यामुळे मला आणखीच अपराधी वाटत होतं. पण हळूहळू दिसायला लागलं. ट्रक आला की तो पुढे व्हायचा, फाटक उघडायचा, गेटपास लिहायचा, शिक्का मारायचा. ट्रक नसला की नुसता असायचा. परत येऊन मी सांगितलं, "सर, ट्रकपुरता तो घाणा आहे. बाकी वेळ छप्पर."

सर खुर्चीतून उठलेच. "हे! माणूस खान्यात टाकायचा नसते पोरी. काम टाकायचं. माणूस एका खान्यात मावतच नाही." एवढा आनंद मला नोकरी लागल्यावर माझ्या घरच्यांनाही झाला नव्हता.

घरीही तेच. स्कूटरची किक म्हणजे घाणा, हे एकदा ठरल्यावर ते एका कामासाठी स्कूटर काढत नसत. भाजी, दळण, मेव्हण्याकडचा निरोप असं सगळं साठू द्यायचे आणि मग निघायचे. मेव्हण्याचे निरोप त्यामुळे नेहमी शिळे पोचत. काकू एकदा माझ्यासमोर वैतागून म्हणाल्या, "इचार यायले, माहा राग कोणत्या कटोरीत हाये?"

"घाणा," सर वर न बघता म्हणाले. "एकदा तापली का घरातल्या सगळ्याले पुरते."

काकूंनी उलथनं उगारलं आणि हसायला लागल्या. मीही हसले, पण मनात म्हटलं, बरोबर आहे की.

त्यांचं एक वाक्य मी अजून नव्या पोरांना ऐकवते. "भागाकार लय सोपा असते, म्हणून पाप त्याच्यातच होते." खर्च कोणामुळे झाला हे शोधायचा कंटाळा आला की माणसं तो सगळ्यांत सारखा वाटून मोकळी होतात, आणि ज्याने काही खाल्लंच नाही त्याच्या पानात बिल पडतं, असं त्यांचं म्हणणं. छपराचा खर्च तर त्यांनी कधीच कोणाच्या डोक्यावर टाकला नाही. सगळ्यांनी मिळून जे कमावलं त्यातून छप्पर उभं ठेवायचं, वाटायचं नाही.

आता मिस्त्रींबद्दल सांगते. झाडे मिस्त्री पॅटर्न शॉप सांभाळायचे. पॅटर्न म्हणजे लोखंडात जी वस्तू हवी तिची लाकडातली हुबेहूब जोडीदारीण. ती वाळूत दाबायची, अलगद काढून घ्यायची आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. मिस्त्री गोंदियाकडचे. वडिलांबरोबर पोरवयात भिलाईला आले आणि तेव्हापासून लाकडाला हात लावून होते. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली, धाकट्या पोरीचं नर्सिंगचं शिक्षण चाललेलं. दुपारची सुट्टी झाली की सर आपला डबा घेऊन पॅटर्न शॉपमध्ये जायचे, भुश्यात फळी टाकून दोघं बसायचे. सर वरण-भात न्यायचे, मिस्त्री बहुतेक लाखोळीच्या डाळीचे वडे. दोघंही एकमेकांना अहो-जाहो करायचे आणि फारसं बोलायचे नाहीत. मिस्त्री त्यांना भाऊ म्हणायचे. मी तिथे आल्यापासून एकही दिवस हे चुकलेलं पाहिलं नव्हतं.

ढलाईच्या धंद्यात एक रीत आहे. माल किलोवर विकतात. आमच्याकडे दोन तऱ्हेचा माल निघे. एक, जाडजूड लोखंडी प्लेटी. सगळ्या एकसारख्या, महिनोन् महिने त्याच. दुसरा, जुन्या मशिनींचे सुटे भाग. तीन नग याचे, चार नग त्याचे, प्रत्येकाचा आकार वेगळा. जुन्या हिशेबनिसांनी कारखान्याचा सगळा खर्च एकूण वजनाने भागून ठेवला होता. प्लेटी वजनदार, म्हणून सगळा खर्च त्यांच्या बोकांडी. त्यामुळे प्लेटी तोट्यात दिसायच्या आणि सेठजी ती ऑर्डर सोडायला निघाले होते.

सरांनी वाट्यांतले कपटे मोजून दाखवलं. प्लेटींना काही म्हणता काही लागत नव्हतं. एक पॅटर्न वर्षानुवर्षं चालला होता. सगळी धावपळ, नवा पॅटर्न, साचे बदलणं, पहिला नग फोडून बघणं, हे सगळं त्या चिमुकल्या सुट्या भागांपायी होतं. सेठजींचे डोळे उघडले. ते लगेच म्हणाले, "तो फिर ये छोटा माल बंद करो. पैटर्न शॉप भी बंद. मिस्त्री को हिसाब दे दो." हिसाब देणं म्हणजे कामावरून काढणं.

सेठजींच्या केबिनमधून आमच्या खोलीपर्यंत यायला सरांना इतका वेळ लागला, की मी बाहेर जाऊन बघून आले.

कारखान्यात बातमीला पाय असतात. संध्याकाळी मिस्त्री दारात उभे. आत आले नाहीत.

"भाऊ, तुमी मले कटोरीत टाकलं म्हणते."

"तुमाले नाही टाकलं मिस्त्री," सर म्हणाले. "तुमच्या कामाले टाकलं."

मिस्त्रींनी विचारलं, "काम गेलं तं मी कुठी राहतो जी?"

आणि गेले. दुसऱ्या दिवशी पॅटर्न शॉपचं दार जेवणाच्या सुट्टीत आतून लावलेलं होतं. सर डबा घेऊन गेले तसे परत आले. टेबलावर जागा नव्हती म्हणून त्यांनी तो मांडीवर उघडला, थोडा वेळ धरून बसले आणि झाकण लावून टाकलं.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, चार कपटे वाणातून उचलून छपरात टाकले तर कोणाला कळणार आहे? सेठजी थोडेच वाट्या उलटून बघणार?" मी हे मनापासून म्हटलं होतं आणि मला त्याची लाज वाटत नाही. सरही रागावले नाहीत.

"मंग मी बी भागाकारच केला ना," ते म्हणाले.

पुढचे काही दिवस ते पॅटर्न शॉपमध्ये जाऊन बसले. दुपारचं दार बंद असलं तरी कामाच्या वेळी ते उघडंच असायचं आणि साहेब माणसाला कोण अडवणार? मिस्त्री त्यांच्याशी चकार शब्द बोलत नव्हते. रंधा चालायचा, भुसा उडायचा, उन्हाळा मी म्हणत होता आणि सर कोपऱ्यात घाम पुसत बघत होते. मिस्त्री एका झाकणाचा पॅटर्न करत होते. टरबुजाएवढं झाकण, पण आत वळणावळणाच्या वाटा. मिस्त्री कानशीने एक वाट घासायचे, बोट फिरवायचे, मध्येच थबकायचे, डोळे मिटायचे, पुन्हा घासायचे. सरांचे कपटे कोरेच राहिले. त्यांना वाटणीत चूक सापडेना, कारण चूक नव्हती. छोटा माल खरोखरच खर्चिक होता. आता एखादा हिशेबी माणूस म्हणाला असता, मग झालं तर. सर मात्र त्या झाकणाच्या मागोमाग निघाले. ते वाळूत गेलं, लोखंडात ओतलं गेलं, घासलं गेलं, आणि शेवटी काट्यावर चढलं. काटेवाल्याने वजन पुकारलं, भाव प्लेटीचाच होता, चलन फाडलं.

"थांब!" सर असे ओरडले, की काटेवाल्याच्या हातातून पेन पडलं. "अरे, आपण लोखंड विकून राहिलो! अन् मिस्त्रीचं काम फुकटात वाटून राहिलो!"

मी तिथेच होते. अख्ख्या वसाहतीत सगळे वर्षानुवर्षं हेच करत होते, मिस्त्रीही, सेठजीही, आम्हीही. मिस्त्रींच्या बोटांखाली गेलेले सगळे दिवस काट्यावर चढतच नव्हते, आणि कोणालाच ते दिसलं नव्हतं.

सर तसेच सेठजींकडे गेले. बिल असं करा, म्हणाले: पॅटर्नचे पैसे वेगळे, दर खेपेच्या साच्याचे वेगळे आणि मग नगाचे. सेठजींनी कपाळाला हात लावला. "पार्टी भाग जाएगी! पूरी भिलाई किलो पे बेचती है।"

"एक पार्टी के पास मुझे ले चलिए," सर म्हणाले. "उसने मना किया तो मिस्त्री का हिसाब मैं खुद बनाऊंगा।"

रायपूरच्या वाटेवरची एक खासगी मिल. गाडीत पुढे सेठजी, मागे सर आणि मी, माझ्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं झाकण आणि तितक्याच वजनाचा प्लेटीचा तुकडा. माझे पाय बधिर झाले होते. खरेदी अधिकाऱ्याने बसा म्हणायच्या आधीच विचारलं, "रेट क्या है किलो का?"

सरांनी दोन्ही वस्तू त्याच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. "वजन दोनों का एक है साहब। ये वाला आपको कल सुबह कोई भी दे देगा।" मग झाकणावर हात ठेवला. "ये कौन देगा?"

अधिकाऱ्याने झाकण उचललं. आतल्या वाटेत बोट घातलं, फिरवलं, आणि त्याचं बोट मिस्त्रींसारखंच मध्ये थबकलं. सरांनी मग कढई, पुरी, जिलेबी सगळं त्याला सांगितलं. मला वाटलं, आता हा घंटी वाजवून बाहेर काढणार. झाकण खाली ठेवून तो म्हणाला, "मतलब साल भर का एक साथ मंगाऊं तो मेरा सांचे का पैसा बचेगा?"

नव्या तऱ्हेचं बिल त्याने मान्य केलं. बाहेर आल्यावर सर जिन्यावरच थांबले. डोळ्यांत पाणी होतं आणि हसतही होते. "पोरी, त्याले घाणा समजला! पाहिलं ना? त्याले घाणा समजला!" मिस्त्रींची नोकरी वाचली होती आणि हा माणूस दुसऱ्या एका माणसाला घाणा समजला म्हणून नाचायचा बाकी होता. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण हातात झाकण होतं.

परतताना वाटेतलं कुम्हारी गाव गेल्यावर सेठजींनी मागे न वळता विचारलं, "तो पैटर्न शॉप का क्या करना है?"

"पंखा लगवाना है," सर म्हणाले. "वहाँ पंखा नहीं है।"

दोन-तीन पार्ट्या नंतर सोडूनही गेल्या, ते खरं आहे. पण बाकीच्या टिकल्या, छोटा माल सुरू राहिला, आणि पॅटर्न शॉपला पंखा लागला. मिस्त्रींना सगळी हकीकत काटेवाल्याकडून कळली. सर स्वतः त्यांना काही सांगायला गेले नाहीत. लावलेल्या दारावरून परत आलेला माणूस पुन्हा कसा जाणार? दुपारी ते डबा मांडीवर घेऊनच बसायचे.

अशाच एका दुपारी मिस्त्री आमच्या दारात आले. या वेळी आत आले. ऑफिसात ते कधी येत नसत. केसांत भुसा, पायांना भुसा, सगळी फरशी भरली. हातात डबा होता.

"काय आणलं जी?" सरांनी विचारलं.

"वडे." मिस्त्री उभेच. टेबलावर फायली, माझे प्रिंटआउट, आणि मधोमध तो मिसळणाचा डबा. त्याच्याकडे बघत मिस्त्री म्हणाले, "भाऊ, तुमी सगळ्याले खाना देल्ला. गेटाले देल्ला, भट्टीले देल्ला, माह्या रंध्याले देल्ला. एक सांगा, हे आपलं संगं जेवणं कोणत्या खान्यात टाकसान?"

ते चिडवत होते की खरंच विचारत होते, मला आजही सांगता येणार नाही. मी सरांकडे पाहिलं. बायकोच्या रागाला वर न बघता खाना देणारा माणूस. त्यांनी मिसळणाच्या डब्याचं झाकण काढलं. हात पहिल्या वाटीवरून दुसरीवर गेला, चौथीवर थांबला, पाचवीवर आला, तिथूनही उठला.

मग त्यांनी झाकण लावलं, दोन्ही हातांनी तो डबा टेबलावरून उचलला आणि खाली जमिनीवर, आपल्या चपलांशेजारी ठेवून दिला. टेबलावर त्याच्या जागी धुळीचं एक गोल उरलं होतं. सरांनी ते आपल्या शर्टाच्या बाहीने पुसलं.

"ठेवा मिस्त्री," ते म्हणाले. "जागा झाली."